हापिसातलं आवर्तन

आधी एक खुलासा. मुंबईचे पाहुणे फोनवर हमखास विचारतात, "कर्जतहून शेवटची लोकल किती वाजता?" तर ते कर्जत वेगळं. ते रायगडात, तिथे वडापाव प्रसिद्ध आहे. आमचं कर्जत नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्यात. इथे रेल्वे येत नाही, त्यामुळे डुलकी लागून कोणी चुकून उतरेल अशीही आशा नाही. आमच्याकडे गोदड महाराज आहेत, राशीनची देवी आहे, सिद्धटेकचा गणपती आहे, रेहेकुरीची काळवीटं आहेत आणि कुकडीचा डावा कालवा आहे. कालवा बारमाही आहे. पाणी आवर्तनाला येतं.

ज्यांनी कालवा फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला त्यांच्यासाठी सांगतो. तिकडे जुन्नरात येडगावला पाणी सुटतं. ते पारनेर, श्रीगोंदा करत आमच्याकडे निघतं. वाटेत प्रत्येकाची तहान त्याच्या त्याच्या मोटारीच्या हॉर्सपॉवरएवढी. रात्रीतून कालव्यात डोंगळे पडतात. डोंगळा म्हणजे मुंगळा नव्हे. कालव्यात एक तोंड आणि शेतात दुसरं तोंड असलेला पाइप. सकाळी पाटकरी येतो तेव्हा पाइप बांधावर वाळत पडलेला आणि मालक देवदर्शनाला गेलेला. एवढ्यांतून सुटून जे आमच्यापर्यंत येतं त्याला आम्ही टेलचं पाणी म्हणतो. आमच्याही खाली करमाळा आहे. त्यांच्यापर्यंत बहुतेक वेळा बातमी पोचते.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या हापिसातला जार.

आमचं हापीस कोणतं ते विचारू नका. पावसाळ्यात गळतं आणि उन्हाळ्यात तापतं, एवढ्या खुणेवरून कोणाला ओळखता आलं तर ओळखावं. मागच्या फेब्रुवारीत साहेबांच्या मनात आलं की कर्मचाऱ्यांना पिण्याचं थंड पाणी द्यावं. सादिल खर्चातून रोज वीस लिटरचे दोन जार सुरू झाले. निळ्या झाकणाचे, तोटीवाले, बाहेरून घाम फुटलेले. आम्ही बावीस माणसं. चाळीस लिटर म्हणजे माणशी पावणेदोन लिटरच्या वर. डॉक्टर सांगतात त्या मापात अगदी नेमकं बसलं.

मार्चअखेर जार चार झाले. गुढीपाडव्यानंतर सहा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बिलावर रोजचे नऊ जार दिसले तेव्हा साहेबांनी कॅल्क्युलेटर मागवला. नऊ जार म्हणजे १८० लिटर. माणशी आठ लिटरच्या वर, तेही आठ तासांत. ताशी एक लिटर. एवढं पाणी आमच्या बोअरला असतं तर मी या हापिसात कशाला बसलो असतो?

पाणी जात कुठे होतं हे शोधायला गुप्तहेर नको होता. संध्याकाळी सव्वासहाला गाड्यांच्या शेडजवळ उभं राहिलं की पुरे. आमच्या मोठ्या बाबूंच्या स्कूटरच्या पायाशी गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन असे, सकाळी रिकामा आणि संध्याकाळी भरलेला. लेखाशाखेच्या मॅडम चार बाटल्या न्यायच्या, त्यांचं म्हणणं "मुलांच्या शाळेला लागतात." शाळेला सुट्टी लागली तेव्हा बाटल्या सहा झाल्या, कारण मुलं आता दिवसभर घरी. स्वतःबद्दल सांगायचं तर मी एक दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली नेत होतो, आणि ती पूर्ण भरत नव्हतो. गळ्यापर्यंत भरायचो. टोपणाखालचं बोटभर रिकामं ठेवायचो. मनुष्याला काही तत्त्वं हवीत.

शुक्रवारचा देखावा तर बघण्यासारखा. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारने आम्हाला पाच दिवसांचा आठवडा दिला. त्यामागे काय काय उदात्त हेतू होते ते आदेशात असतील. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच उरला की शनिवार-रविवारचं पाणी शुक्रवारी भरून ठेवायचं. पाच वाजल्यापासून जारभोवती रांग. कोणी कळशी आणली नाही, हा आमच्या सुसंस्कृतपणाचा पुरावा. कळशी दिसते. कॅन पिशवीत जातो.

आता कोणी म्हणेल, दुष्काळी तालुका आहे, घरी पाणी नसेल बिचाऱ्यांच्या. तोच तर मजेचा भाग आहे. मोठ्या बाबूंच्या घरी फिल्टर आहे. मॅडमच्या घरी बोअरला पाणी आहे. मीही तहानेने व्याकूळ होऊन घरी जात नव्हतो. ज्याच्या वाडीवर खरोखर टँकरची वाट बघावी लागते तो आमचा शिपाई, ज्याला सगळं हापीस मामा म्हणतं, तो मात्र घरी एक थेंब नेत नव्हता. एकदा विचारलं तर म्हणाला, "सायेब, हांडाभर पान्यानं काय व्हतंय? आन् गाडीवर सांडलं तर बाई माझ्यावरच वरडंल." रेहेकुरीतलं काळवीटसुद्धा पाणवठ्यावर येतं, पोटभर पितं आणि निघून जातं. पाठीवर कॅन बांधून गेलेलं काळवीट वनखात्याच्या गणनेत अजून नोंदलं गेलेलं नाही.

फुकट मिळालेल्या वस्तूचा एक प्रवास असतो आणि तो मी या जारवर डोळ्यांनी पाहिला. पहिल्या आठवड्यात सगळे म्हणाले, "वा! साहेबांनी चांगलं काम केलं." दुसऱ्या आठवड्यात कोणी काही म्हणालं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक जार अर्धा तास उशिरा आला तर संघटनेच्या पदाधिकाऱ्याने निवेदनाचा कागद काढला. आणि चौथ्या आठवड्यात मोठ्या बाबूंनी पेला उजेडाकडे धरून विचारलं, "याचा टीडीएस किती असेल हो?" या गृहस्थांनी आयुष्याची पहिली वीस वर्षं विहिरीत उतरून खरवडलेलं पाणी फडक्यातून गाळून प्यायलेलं आहे.

मोठे बाबू हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण इथे थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांना साखरेचा त्रास आहे. घरी बिनसाखरेचा चहा, तोही वहिनींच्या देखरेखीखाली अर्धा कप. हापिसातल्या चहात मात्र तीन चमचे, आणि वर मामाला सूचना, "जरा गोड कर रे, पानचट लागतो." मागे ताणतणाव व्यवस्थापनावर आम्हाला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, एका मंगल कार्यालयात. सकाळी सह्या ४१. दुपारी एकला पानं मांडली तेव्हा माणसं ६८. ज्यांना ताण नव्हता तेही आले होते. शिपी आमटीची पातेली, वर बोटभर तर्री, भाकरीची चळत, आणि शेवटी गुलाबजाम. आमटी आमच्या दक्षिण भागाची, तेव्हा ती वाटी वाटी पिण्यात मला गैर काही दिसत नाही. पण गुलाबजामच्या घमेल्याजवळ मोठे बाबू खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून उभे होते. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "कुत्र्यासाठी."

त्यांच्याकडे कुत्रा नाही.

त्या प्रशिक्षणात प्रत्येकाला एक कापडी पिशवी, एक वही आणि एक पेन मिळालं. माझ्याकडे तीन पिशव्या आहेत. कशा, ते विचारू नका. २०२४ साली जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा जुन्या नावाचे छापील कागद एका दिवसात निकामी झाले. गठ्ठेच्या गठ्ठे. त्यांची रद्दी करायचा आदेश येईपर्यंत कपाट रिकामं झालं होतं. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोरांनी पाढे, आकृत्या, निबंध सगळं सरकारी लेटरहेडच्या पाठीवर लिहिलं. एका चिरंजीवांनी आपल्या आजोळच्या मामाला लिहिलेलं पत्र उलटून पाहिलं तर पाठीमागे "विषयांकित प्रकरणी" असा मजकूर.

ही फुकटाची ओढ आमच्याच मातीत आहे असं समजू नका. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा' लिहिला. गावाच्या जिवावर कोण कोण पोसलं जातं, कारू-नारूंपासून फिरस्त्यांपर्यंत, याची त्यांनी झाडाझडती घेतली. पण तो झाला खेड्याचा हिशेब. माझा भाचा पुण्यात हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमच्या एमआयडीसीची नुसती चर्चा ऐकत पोरं मोठी झाली आणि हिंजवडी, चाकण, रांजणगावला पांगली. त्याच्या कंपनीत खाणं फुकट. कॉफी, फळं, चिप्स, सरबतं, हवं तेव्हा, हवं तेवढं. पहिल्या दिवाळीला आला तेव्हा पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडलेली होती. येताना आईसाठी तिथून चार पाकिटं म्युस्ली घेऊन आला. ताईने पाकीट फोडलं, तळहातावर घेतलं, वास घेतला आणि अंगणात कोंबड्यांपुढे टाकलं. कोंबड्यांनी मनुके वेचून खाल्ले, बाकीचं तिथेच.

आणि अमेरिकेत? ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. फेसबुकवाल्या मेटा कंपनीने लॉस एंजेलिसच्या हापिसातून दोन डझनांच्या आसपास माणसं काढली. गुन्हा असा की, जेवण मागवायला कंपनी एका वेळचे २५ डॉलर द्यायची आणि या मंडळींनी त्या पैशात दात घासायची पेस्ट, कपडे धुण्याचा साबण आणि वाइनचे पेले मागवले. त्यातल्या एकाचा वर्षाचा पगार चार लाख डॉलर होता म्हणतात. चार लाख डॉलर! आणि कोलगेट कंपनीच्या खात्यावर. बातमी वाचल्यावर मोठे बाबू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिकडे युनियन नसते ना, त्याचा हा परिणाम."

नोकरी गेली हे मात्र खरं. आमच्याकडे तसं होत नाही. आमच्याकडे खुलासा येतो. मार्च २०१८ आठवा. मुख्यमंत्री कार्यालयाचा चहापानाचा खर्च माहिती अधिकारात बाहेर आला. २०१५-१६ ला ५८ लाखांच्या आसपास असलेला आकडा २०१७-१८ ला ३ कोटी ३४ लाखांवर गेलेला. तेव्हा काँग्रेसमध्ये असलेल्या संजय निरुपम यांनी त्याचे कप मोजले. रोज १८,५९१. मी स्वतः आकडेमोड केली तर हा हिशेब पाच रुपये कपाचा निघतो. आमच्या स्टँडवरच्या दहा रुपयांच्या भावाने धरलं तरी रोजचे नऊ हजारांवर कप होतात. सरकारचा खुलासा आला की हा नुसता चहा नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आदरातिथ्याचा सगळा खर्च आहे. येणारे-जाणारे म्हणजे कोण हे काही ठरलं नाही. त्याच महिन्यात, थोडं आधी, एकनाथ खडशांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा विषय काढला होता. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशेब कागदावर होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवून मला वाटलं, कपांचं कोडं सुटलं. पण तसा खुलासा काही आला नाही.

पुढे फेब्रुवारी २०२३. सरकार दुसरं, चहा तोच. मुख्यमंत्र्यांच्या वर्षा बंगल्यावरच्या चार महिन्यांच्या खानपानाचं बिल २ कोटी ३८ लाख झाल्याचं सांगत तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्यांनी, चहात सोन्याचं पाणी घालता की काय, असा सवाल केला. सगळ्या महाराष्ट्राला पटला. चारच महिन्यांनी, २ जुलैला, ते त्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले. आणि १८,५९१ कप मोजणारे निरुपम २०२४ मध्ये, ज्यांच्या काळातलं ते वर्षावरचं बिल, त्यांच्याच पक्षात गेले. मी कोणाला नावं ठेवत नाही. पंगतीत कोण किती वाढून घेतोय हे नीट दिसायला माणूस उभा असावा लागतो. एकदा पाट मिळाला की समोर आपलंच पान दिसतं.

दिल्लीने एक गोष्ट बरी केली. संसदेच्या कँटीनमधली खासदारांची सवलत २०२१ साली बंद झाली. वर्षाला आठेक कोटी वाचतील असं सांगितलं गेलं. तरीही पोळी तीनच रुपयांना ठेवली. लोकशाहीला तेवढा आधार पुरेसा असावा.

आता मजा बघा. आमचा जार ठेवलाय तो अहिल्यादेवींच्या तसबिरीखाली. त्यांचं जन्मगाव चौंडी आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात. होळकरांकडे दोन वह्या होत्या, एक दौलतीची आणि एक खासगीची. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली, ती पुढे अहिल्यादेवींकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट, देवळं, धर्मशाळा त्यांनी बांधल्या त्या या खासगीतून. म्हणजे धर्माचं पुण्य स्वतःला हवं असेल तर पैसा स्वतःचा लागेल, राज्याचा चालणार नाही. आमच्याकडेही दोन वह्या आहेत. फरक इतकाच की दोन्हींत खर्च राज्याचा आणि पुण्य आमचं. ६ मे २०२५ ला त्यांच्या त्रिशताब्दीनिमित्त अख्खं मंत्रिमंडळ चौंडीला बैठकीला येऊन गेलं. तिथे खासगीच्या वहीचा विषय निघाला असेल तर आमच्यापर्यंत पोचला नाही. आम्ही टेलला.

तर नऊ जारांचं बिल बघून साहेबांनी परिपत्रक काढलं. "कार्यालयीन पेयजलाचा वापर कार्यालयीन तहानेपुरताच करावा." कार्यालयीन तहान कशी ओळखायची याचं मार्गदर्शन वरिष्ठ कार्यालयाकडून मागवण्यात आलं. ते यायचंय. दरम्यान जार पुन्हा दोन झाले, एक नोंदवही आली, आणि पाणी आवर्तनाने सोडायचं ठरलं: सकाळी अकरा आणि दुपारी चार. तोटीजवळ मामा बसला. बावीस वर्षं ज्याला सगळ्यांनी "ए मामा, पाणी आण" म्हटलं तो आमचा पाटकरी झाला. पहिल्याच दिवशी मोठ्या बाबूंना म्हणाला, "बाबू, पेला आना. कॅनची नोंद वहीत बसत न्हाय."

आठ दिवस शिस्त राहिली. मग डोंगळे पडले. साहेबांच्या केबिनमध्ये पाहुण्यांसाठी एक जार वेगळा गेला, आदरातिथ्य म्हणून. लेखाशाखेने बिलं मंजूर करण्याच्या गतीचा बारीक इशारा देऊन एक घागर आपल्या खोलीत ठेवून घेतली. मी सदर लिहितो म्हणून मला मामाने दोन पेले जास्त द्यायला सुरुवात केली. वर्तमानपत्राचा मान ठेवणारी माणसं अजून आहेत. उरलं ते बाहेरच्या बाकापर्यंत जायचं. बाहेरच्या बाकावर लोक बसतात. ज्यांच्यासाठी हे हापीस आहे ते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात राशीनकडची एक आजी आली होती. नातवाच्या कसल्याशा कागदावर सही हवी होती. सकाळच्या एसटीने आलेली, पदराने घाम टिपत तीन तास बाकावर बसलेली. चारच्या आवर्तनाला दहा मिनिटं होती तेव्हा दारात येऊन म्हणाली, "पानी मिळंल का बाबा?" मामाने जार तिरका केला. खाली जुनी फाइल घातली, अजून तिरका केला. तोटीतून आधी हवा आली, मग तीन थेंब. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या टेबलावर दोन पेले पालथे पडले होते, तळाशी ओले. मी घाईघाईने एक फाइल उघडली आणि उन्हाळा फारच वाढलाय, घशाला कोरड पडते, असं काहीतरी बोललो.

आजीने पिशवीत हात घातला. धडप्यात गुंडाळलेली, गळ्याला सुतळी बांधलेली काचेची बाटली काढली. स्वतःचं पाणी होतंच तिच्याकडे. परतीच्या वाटेसाठी राखून ठेवलेलं. बूच उघडलं आणि बाटली माझ्यापुढे धरली. "घे लेकरा. दिसभर बसून बसून घसा वाळला आसंल."

ओल्या धडप्यामुळे पाणी चांगलं गार होतं. मी दोन घोट घेतले, आणि बाटली परत देता देता आणखी एक.